‘मिस्टर’ नाकारलेले ड्यूक आणि काउंट

मराठीत माणसाला कमी लेखायला फार कष्ट पडत नाहीत. ‘अहो’चं ‘अरे’ केलं की झालं. गावगाड्यात साठी उलटलेल्या महार-मांग माणसालाही सवर्णांचं शेंबडं पोर नाव तोडून ‘ए’ अशी हाक मारायचं आणि त्या म्हाताऱ्यानं मात्र ‘जोहार मायबाप’ म्हणायचं. कोण वर आणि कोण खाली, हे भाषाच रोज घोकून घ्यायची.

इंग्रजीत अहो-अरेची सोय नाही, सगळ्यांना एकच ‘यू’. मग तिथे मान ठेवतात कुठे? नावाच्या आधी लागणाऱ्या ‘मिस्टर’, ‘मिसेस’, ‘मिस’मध्ये. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक काळ्या माणसाच्या नावाआधी हे शब्द लावत नसत. तो विशीतला असो की पन्नाशीतला, त्याला ‘बॉय’ म्हणायचं. म्हातारा झाला की ‘अंकल’, आणि बाई असेल तर ‘आँटी’. ही नाती जिव्हाळ्याची नव्हती, ‘मिस्टर’-‘मिसेस’ टाळायची ती पळवाट होती.

हे ध्यानात घेतलं की जॅझच्या, म्हणजे काळ्या अमेरिकनांनी घडवलेल्या संगीताच्या, इतिहासातली नावं वेगळीच ऐकू येऊ लागतात. किंग ऑलिव्हर, ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी. ज्यांना रस्त्यावर ‘बॉय’ म्हणत, ते मंचावर राजे आणि उमराव होते. गंमत म्हणून पडलेली ही टोपणनावं असतील, पण ती टिकली आणि अभिमानानं मिरवली गेली, यामागे मानाची भूक होती असं मला वाटतं. वादक एकमेकांना ‘मॅन’ म्हणत. आज जगभर पोरं हा शब्द सहज वापरतात. ‘बॉय’ला दिलेलं ते उत्तर होतं, असं जुने जाणकार सांगत आले आहेत.

या राजा-उमरावांचे दरबार भरायचे ते मात्र बहुतेक गुंडांच्या अड्ड्यांवर. असं का झालं, आणि त्या अड्ड्यांवर मानाचा हिशेब कसा चालायचा, ते नीट समजून घेऊ.

वेगळं, पण ‘समान’

१८९६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात निकाल दिला. न्यू ऑर्लिन्सचा होमर प्लेसी गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात मुद्दाम बसला आणि पकडला गेला होता. कोर्ट म्हणालं, सोयी समान असतील तर त्या वेगळ्या ठेवायला हरकत नाही. प्रत्यक्षात वेगळेपण कसोशीनं पाळलं गेलं आणि समानता कागदावर राहिली. डबे, शाळा, दवाखाने, पाण्याचे नळ, स्मशानं, सगळं वेगळं. उत्तरेकडच्या शहरांत असे कायदे कमी होते, पण घर कुठे मिळणार, कोणत्या हॉटेलात प्रवेश मिळणार, हे रूढीनं ठरलेलं असायचं.

मराठी वाचकाला यात अनोळखी असं काही नाही. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम, आणि ती वस्ती त्याच वर्षांत काळ्या लोकांची होत चालली होती. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्या अमेरिकनांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं, तेव्हा अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती किती सारखी आहे, हाच त्याचा गाभा होता.

दक्षिणेतली कापसाची शेतं आणि तिथली दहशत सोडून साधारण १९१६पासून काळी कुटुंबं शिकागो, न्यूयॉर्क, डेट्रॉइट, कॅन्सस सिटीकडे निघाली. पुढच्या पाच दशकांत सुमारे ६० लाख माणसं अशी उठून गेली. ऑगस्ट १९२२मध्ये न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला जाणाऱ्या गाडीत एकविशीचा लुई आर्मस्ट्राँग होता. किंग ऑलिव्हरनं त्याला आपल्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं वाद्य, वाजवायला बोलावलं होतं.

दारूबंदीनं काय केलं

१७ जानेवारी १९२० रोजी अमेरिकाभर दारूबंदी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. कायद्यानं पिणं गुन्हा नव्हतं. दारू करणं, वाहून नेणं आणि विकणं गुन्हा होता. म्हणजे गिऱ्हाईक सगळं जागेवर राहिलं आणि प्रामाणिक दुकानदार तेवढा बाजारातून उठला. ती जागा ज्यांच्याकडे ट्रक, बंदुका आणि पोलिसांना हप्ता द्यायला पैसे होते त्यांनी घेतली. भुरट्या टोळ्यांची संघटित गुन्हेगारी झाली ती याच १३ वर्षांत.

आता चोरून दारू विकणाऱ्याची अडचण बघा. माल सगळ्यांचा सारखाच वाईट. जाहिरात करता येत नाही. गिऱ्हाइकानं माझ्याच गुत्त्यावर का यावं? त्याचं उत्तर म्हणजे गाणं, नाच आणि नवा जोशिला बाज. जॅझ तेव्हा नवं होतं, नाचायला लावणारं होतं, आणि ते उत्तम वाजवणारे शेकडो काळे वादक शहरांत नुकतेच उतरले होते. सिंफनी ऑर्केस्ट्राची दारं त्यांना बंद. मोठ्या हॉटेलांतले बँड गोऱ्यांचे. गुंडांचे क्लब तेवढे उघडे होते, आणि तिथे दर आठवड्याला रोख पैसे मिळत. दारू विकणाऱ्याला संगीत हवं होतं आणि संगीतकाराला काम हवं होतं, इतका साधा हा सौदा.

त्याची मुळं न्यू ऑर्लिन्समध्ये आणखी मागे जातात. पोरवयात आर्मस्ट्राँग ज्या गुत्त्यांवर वाजवायचा त्यांतला एक हेन्री माट्रांगा या सिसिलियन माणसाचा होता. काळ्या वस्तीत असे अनेक इटालियन मालक असत. १८९१ साली त्याच शहरात ११ इटालियनांना जमावानं तुरुंगात घुसून ठार मारलं होतं. त्या काळी तेही पुरते ‘गोरे’ धरले जात नव्हते. जिथे इतर गोरे धंदा करायला कचरत, तिथे त्यांनी दुकान मांडलं.

गुंड मालक वेळेवर पैसे देत, सढळ हातानं बक्षिसी देत, असं कित्येक वादकांनी पुढे सांगितलं. ते खरंच असणार. पण त्यावरून ‘माफियानं जॅझला सांभाळलं’ असं जे हल्ली सहज म्हटलं जातं, ते मला पटत नाही. मालक आपला घोडा सांभाळतोच, पण घोड्यानं तबेला बदलायचा नसतो. १९२७ साली शिकागोत जो लुईस नावाच्या गोऱ्या गायकानं एक क्लब सोडून दुसरीकडे जास्त पगारावर गायला सुरुवात केली. शिकागोचा कुख्यात गुंड अल कपोन याच्या टोळीतल्या जॅक मॅकगर्नची माणसं हॉटेलच्या खोलीत घुसली आणि त्यांनी त्याचा गळा चिरला. तो वाचला, बोलायला पुन्हा शिकला आणि पुढे विनोदी नट म्हणून जगला. गोऱ्या माणसाची ही गत, तर काळ्याची काय होईल हे कुणाला सांगावं लागलं नाही.

पियानिस्ट अर्ल हाइन्स २८ डिसेंबर १९२८ला, आपल्या २५व्या वाढदिवशी, शिकागोच्या ग्रँड टेरेसमध्ये रुजू झाला. क्लबवर कपोनच्या माणसांचा ताबा होता. हाइन्स तिथे दशकभर अडकून राहिला आणि पियानो त्याने असा वाजवला की रेडिओवरून अख्खा देश ऐकायचा. तिथे राहायचं तर तीन शहाण्या माकडांसारखं राहायचं, हे तो पुढे सांगायचा. आपल्याकडे ती माकडं गांधीजींच्या टेबलावरून ओळखीची आहेत. हाइन्सच्या माकडांचा उपदेश वेगळा होता: रात्री कोण आलं ते पाहू नकोस, काय बोलणं झालं ते ऐकू नकोस, आणि सकाळी कुणाजवळ तोंड उघडू नकोस.

एकाच रस्त्यावरचे दोन क्लब

हार्लेमच्या लेनॉक्स अॅव्हेन्यूवर, १४२व्या गल्लीच्या कोपऱ्यावर, जॅक जॉन्सननं १९२०मध्ये एक क्लब काढला. जॉन्सन हा हेवीवेट मुष्टियुद्धाचा पहिला काळा जगज्जेता. १९२३मध्ये तो क्लब ओनी मॅडन या गुंडाच्या हातात गेला. मॅडन जन्मानं इंग्लंडचा, आईबाप आयरिश, मनुष्यवधाच्या शिक्षेत सिंगसिंग तुरुंगात होता, त्याच वर्षी सुटला. स्वतःची बिअर खपवायला त्याला जागा हवी होती. क्लबचं नवं नाव ठेवलं कॉटन क्लब.

नावातच सगळं आलं. मंच दक्षिणेतल्या कापूसमळ्याच्या हवेलीसारखा, पांढरे खांब वगैरे. वादक, नर्तकी, वेटर, आचारी काळे. टेबलांवर बसणारे गोरे. काळं गिऱ्हाईक आलं तर दारावरचा माणूस परत पाठवायचा. अगदीच नामवंत असेल तर मागचं एखादं टेबल. ज्यांचे आईबाप गुलामीतून सुटले होते अशी माणसं गुलामीचाच देखावा नाचून दाखवत होती, आणि तेही काळ्या वस्तीच्या मधोमध. नर्तकीसाठीच्या अटी ठरलेल्या होत्या: वय २१च्या आत, उंची किमान ५ फूट ६ इंच, आणि रंग फिका. वर्णाची ही उतरंड काळ्यांच्या आतही राबवली जात होती. आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिराती वाचणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको.

४ डिसेंबर १९२७ रोजी ड्यूक एलिंग्टनचा बँड तिथे लागला. एलिंग्टन वॉशिंग्टनच्या सुखवस्तू घरातला. ‘ड्यूक’ हे नाव त्याला पोरपणीच, नीटनेटक्या कपड्यांवरून, एका मित्रानं दिलेलं. त्या वेळी त्याचा फिलाडेल्फियात करार होता. तो कसा सुटला याची गोष्ट जॅझच्या जगात सगळे सांगतात: मॅडनच्या बाजूनं एक माणूस तिकडच्या मालकाला भेटला आणि मोठ्या मनानं वाग, नाहीतर जिवानिशी जाशील, असं त्याच्या कानावर घालून आला.

पुढची साधारण चार वर्षं एलिंग्टननं तिथे काढली आणि क्लबमधून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणानं त्याचं नाव घरोघरी पोचलं. ‘आफ्रिकी जंगल’ दाखवणाऱ्या नाचांना त्याला साथ द्यावी लागायची. गुरगुरणारे ट्रम्पेट, घोगरे ट्रॉम्बोन मागितले जायचे. त्यानं ते दिले, पण त्यांतून असे रंग काढले की मागणाऱ्यांना कल्पनाही नव्हती. दर काही महिन्यांनी नवा कार्यक्रम बसवावा लागे, म्हणून त्याला लिहावं लागलं, आणि त्याच्यातला रचनाकार तिथे घडला. हे श्रेय क्लबला द्यावं का, यावर मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. मला वाटतं, श्रेय एलिंग्टनचं. पिंजऱ्यात पक्षी चांगला गायला म्हणून पिंजऱ्याचं कौतुक कशाला?

त्याच रस्त्यावर, १४० आणि १४१व्या गल्लीच्या मधे, मार्च १९२६मध्ये सेव्हॉय बॉलरूम सुरू झाला. मालक गोरा, व्यवस्थापक चार्ल्स ब्यूकॅनन काळा, आणि दार सगळ्यांना उघडं. तिथे कोण काळा, कोण गोरा याला महत्त्व नव्हतं, नाचता येतं का एवढंच पाहिलं जायचं. लिंडी हॉप हा नाच तिथेच रंगला. तिथला राजा चिक वेब: लहानपणच्या क्षयानं पाठीचा कणा वाकलेला, ठेंगणा, ड्रमच्या मागे जेमतेम दिसणारा. ११ मे १९३७ला बेनी गुडमनचा गोरा, देशभर गाजणारा बँड त्याच्यासमोर स्पर्धेला उभा राहिला. रात्र वेबनं मारली. गुडमनचा ड्रमवादक जीन क्रूपा, तेव्हाचा मोठा तारा, त्यानं सगळ्यांदेखत वेबला वाकून नमस्कार केला. काळ्या माणसापुढे गोऱ्यानं वाकायचं नाही, या देशाच्या अलिखित नियमापेक्षा वादकांचा नियम त्या रात्री वरचढ ठरला.

खांद्यावरचा हात

आता परत आर्मस्ट्राँगकडे, कारण मानाचा हा व्यवहार त्याच्याइतका कुणी आतून पाहिलेला नाही.

न्यू ऑर्लिन्स सोडण्याआधी तिथल्या गुत्त्यावरच्या एका दांडग्या माणसानं त्याला सल्ला दिला होता. तो त्यानं आयुष्यभर लक्षात ठेवला आणि पुढे पत्रातही लिहिला. सल्ला असा: तुझ्या खांद्यावर हात ठेवून ‘हा माझा माणूस आहे’ असं म्हणणारा एक गोरा कायम शोधून ठेव, मग तुला कुणी हात लावणार नाही. मूळ वाक्यात ‘माणूस’ हा शब्द नाही, तिथे काळ्यांसाठीची ती शिवी आहे. संरक्षण मिळणार होतं ते माणूस म्हणून नव्हे, कुणाची तरी मालमत्ता म्हणून.

हा हात पाठीशी नसला तर काय होतं ते १९३१मध्ये दिसलं. शिकागोत आर्मस्ट्राँग वाजवत होता. रात्री एक बंदूकधारी आला, त्याला फोनजवळ नेलं आणि सांगितलं की उद्या तू न्यूयॉर्कच्या कॉनीज इनमध्ये वाजवणार आहेस. दोन शहरांतल्या टोळ्यांची ही ओढाताण होती. आर्मस्ट्राँगनं मान डोलावली आणि मग गुपचूप शहर सोडलं. कित्येक महिने तो शिकागो आणि न्यूयॉर्क दोन्हींपासून दूर राहिला. जगातला सर्वांत मोठा ट्रम्पेटवादक स्वतःच्याच देशात परागंदा झाला होता.

त्याच फेरीत तो नऊ वर्षांनी जन्मगावी पोचला. न्यू ऑर्लिन्सच्या सबर्बन गार्डन्समध्ये कार्यक्रम, आत फक्त गोरे. बाहेर नदीच्या बांधावर हजारो काळी माणसं उभी, खिडकीतून सूर येतील या आशेनं. कार्यक्रम रेडिओवरून जाणार होता. गोऱ्या निवेदकानं ऐन वेळी एका काळ्याची ओळख करून द्यायला नकार दिला आणि तो निघून गेला. आर्मस्ट्राँगनं बँडला एक जोरदार स्वर लावायला सांगितला, ध्वनिक्षेपकापुढे गेला आणि स्वतःच स्वतःची ओळख करून दिली. नंतर काळ्या लोकांसाठी ठरलेला कार्यक्रम आयत्या वेळी रद्द झाला. बांधावर उभे राहिलेल्यांना आत येऊन त्याला ऐकणं लाभलंच नाही.

१९३५मध्ये त्याला तो हात मिळाला. जो ग्लेझर शिकागोच्या सनसेट कॅफेचा माजी व्यवस्थापक, कपोनच्या वर्तुळातला, तोंडानं शिवराळ. करार हस्तांदोलनावर. ग्लेझरनं सगळी देणी, सगळे गुंड, सगळे खटले अंगावर घेतले, आर्मस्ट्राँगनं फक्त वाजवायचं. हे नातं ग्लेझर १९६९ साली मरेपर्यंत टिकलं. दोघांत प्रेम होतं, ते खोटं म्हणवत नाही. पण आर्मस्ट्राँग त्याला पत्र लिहायचा ते ‘मिस्टर ग्लेझर’ असं. ग्लेझरकडून मात्र ‘लुई’.

म्हणून १९५७ महत्त्वाचं. दक्षिणेतल्या लिटल रॉक गावात गोऱ्यांच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना शिरू देत नव्हते आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर स्वस्थ होते. नॉर्थ डकोटातल्या एका गावी तरुण वार्ताहर मुलाखतीला आला, तेव्हा नेहमी हसणारा आर्मस्ट्राँग उसळला: माझ्या लोकांना दक्षिणेत असं वागवत असाल तर हे सरकार गेलं खड्ड्यात. त्याच्या माणसांनी शब्द मागे घ्यायची धडपड केली. त्यानं एकही शब्द मागे घेतला नाही.

हार्लेमचा आकडा

गुन्हेगारी फक्त गोऱ्यांच्या हातात होती असं नाही. हार्लेमचा स्वतःचा धंदा होता ‘नंबर्स’, म्हणजे आपला आकडा. गिऱ्हाइकानं ०००पासून ९९९पर्यंत एक आकडा निवडायचा आणि जमतील तेवढे सेंट लावायचे. जिंकणारा आकडा वर्तमानपत्रात छापल्या जाणाऱ्या बँकांच्या उलाढालीच्या बेरजेतून काढत, म्हणजे त्यात लबाडी करता येणार नाही असा विश्वास. लागला तर एकास सहाशे. हिशेब करा: हजार जणांनी हजार वेगळे आकडे एकेक सेंटानं लावले तर १० डॉलर जमले, जिंकणाऱ्याला गेले ६. उरलेल्या चारांत गल्लोगल्ली पैसे गोळा करणारे, पोलिसांचा हप्ता आणि मालकाचा नफा.

मुंबईकराला हे वाचून मटका आठवला असेल, आणि आठवण अस्थानी नाही. मुंबईचा आकडासुद्धा सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-बंद होत्या भावांवर लागायचा, तारेनं येणाऱ्या. ते भाव बंद झाल्यावर पत्ते आणि मडकं आलं. गरिबांनी खेळायचं ते श्रीमंतांच्या बाजारातून निघालेल्या आकड्यावर, ही युक्ती दोन्हीकडे एकच.

पण हार्लेममध्ये या धंद्याला आणखी एक बाजू होती. बँका काळ्यांना कर्ज देत नसत. आकड्याचे मालक द्यायचे. कॅस्पर होल्स्टीन या कॅरिबियन बेटावरून आलेल्या मालकानं १९२०च्या दशकात काळ्या लेखकांसाठी साहित्यस्पर्धांची बक्षिसं स्वतःच्या पैशांतून दिली. पिट्सबर्गमध्ये गस ग्रीनलीनं आकड्याच्या पैशावर जॅझचा क्लब चालवला, काळ्या खेळाडूंचा बेसबॉल संघ पोसला आणि १९३२मध्ये मैदानही बांधलं. वस्तीत त्यांना मान होता, आणि तो भीतीचा मान नव्हता फक्त.

स्टेफनी सेंट क्लेअर ही यांतली सर्वांत ठाम व्यक्ती. बाकीच्या न्यूयॉर्कमध्ये तिला ‘क्वीनी’ म्हणत. हार्लेममध्ये मात्र ‘मॅडम सेंट क्लेअर’. पोलिसांनी पैसे खाऊनही पकडलं, तेव्हा तिनं काळ्यांच्या वर्तमानपत्रात पैसे भरून जाहिराती दिल्या, त्यांत पोलिसांची लाचखोरी छापली, आणि चौकशी समितीपुढे साक्ष दिली. दारूबंदी संपत आली तशी डच शुल्ट्झ या गोऱ्या गुंडाची नजर आकड्यावर वळली. मारहाण, खून आणि राजकारण्यांचं पाठबळ वापरून त्यानं बहुतेक धंदा बळकावला. तोवर आकडा घोड्यांच्या शर्यतींच्या बेरजेवरून काढत होते. ज्या आकड्यावर जास्त पैसे लागले असतील तो येऊ नये म्हणून शुल्ट्झनं हिशेबात वाकबगार माणूस नेमून ती बेरीजच फिरवायला सुरुवात केली. गरिबाचा उरलासुरला भरवसाही गेला. २३ ऑक्टोबर १९३५ला नेवार्कच्या एका खाणावळीत शुल्ट्झला त्याच्याच जगातल्या लोकांनी गोळ्या घातल्या. तो मरणपंथाला असताना सेंट क्लेअरची तार आली, बायबलमधलं वचन: पेराल तसं उगवेल.

तिचा साथीदार एल्सवर्थ ‘बम्पी’ जॉन्सन नंतर हार्लेम आणि इटालियन टोळ्या यांच्यातला दुवा झाला. बुद्धिबळ खेळणारा, वाचणारा, कविता करणारा, सणाला गरिबांना टर्की वाटणारा. त्याच्याबद्दल आजही भक्तिभावानं बोलतात. तरीही इटालियन टोळीचा पक्का सदस्य तो कधीच होऊ शकला नसता, कारण तिथे रक्तानं इटालियनच लागे. गुन्हेगारीतही काळ्यांचा डबा वेगळाच होता. आणि तो ज्यात शिक्षा भोगून आला ते प्रकरण हेरॉइनचं होतं. ज्या वस्तीनं त्याला मान दिला, तिच्याच पोरांच्या नसांत ते विष गेलं. चार्ली पार्करसारखा सॅक्सोफोनवादक १९५५ साली ३४व्या वर्षी गेला, त्याच्या शरीराची जी धूळधाण झाली होती तिच्यात या विषाचा मोठा हात होता. टर्कीच्या गोष्टी सांगताना हे सांगणंही भाग आहे.

पहाटे चारची बैठक

वादकांचा आपापसातला कायदा बघायचा तर कॅन्सस सिटीला जावं लागतं. तिथे टॉम पेंडरगास्ट नावाच्या पुढाऱ्याचं राज्य होतं. पोलीस, न्यायालय, सिमेंटचे ठेके सगळं त्याच्या मुठीत. दारूबंदी तिथे जणू लागूच झाली नाही. क्लब रात्रभर उघडे, म्हणून वादकही रात्रभर जागे.

डिसेंबर १९३३मध्ये एका रात्री कोलमन हॉकिन्स तिथल्या चेरी ब्लॉसममध्ये आला. टेनर सॅक्सोफोनचा तेव्हाचा निर्विवाद उस्ताद, न्यूयॉर्कहून आलेला. लेस्टर यंग, बेन वेब्स्टर, हर्शेल इव्हान्स ही गावची पोरं त्याला भिडली. पियानिस्ट मेरी लू विल्यम्सनं सांगून ठेवलंय: पहाटे चारला कुणीतरी तिच्या खिडकीची जाळी खरवडत होतं. वेब्स्टर होता. ऊठ, सगळे पियानोवाले थकलेत, हॉकिन्स अजून वाजवतोय. ती गेली तेव्हा हॉकिन्स बनियनवर उभा होता आणि समोर लेस्टर यंग जसजशी रात्र सरत होती तसतसा अधिकच खुलत होता. सकाळी हॉकिन्सला पुढच्या गावी गाडी पिटाळावी लागली.

आपल्याकडे उस्तादाचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. कॅन्सस सिटीत तसा नमस्कार नव्हता, पण भाव तोच होता. कुणाच्या आधी वाजवायचं नाही, कुणाची चाल मोडायची नाही, आणि तयारी नसेल तर उठायचं नाही. १९३६च्या सुमारास रेनो क्लबमध्ये कोवळा चार्ली पार्कर तयारी नसताना उठला आणि ताल चुकला. ड्रमवादक जो जोन्सनं झांज काढून त्याच्या पायाशी फेकली. पोरगा अपमान गिळून निघून गेला, दिवसरात्र रियाझ केला आणि परतला तो नवा बाज घेऊन. याच जगात लेस्टर यंगनं गायिका बिली हॉलिडेला ‘लेडी डे’ म्हटलं आणि तिनं त्याला ‘प्रेझ’, म्हणजे प्रेसिडेंट. देशातला सर्वांत मोठा माणूस राष्ट्राध्यक्ष ना, मग आपला लेस्टरही तोच. ‘लेडी’ या शब्दाचं वजन कळायचं तर हे लक्षात घ्या: १९३८मध्ये आर्टी शॉच्या गोऱ्या बँडबरोबर गात असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिला सामानाच्या लिफ्टनं वर जायला सांगितलं होतं.

पेंडरगास्टला १९३९मध्ये आयकर बुडवल्याबद्दल शिक्षा झाली आणि कॅन्सस सिटीच्या रात्री विझल्या.

काही जण देशच सोडून गेले. शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला पियानिस्ट टेडी वेदरफोर्ड १९२६मध्ये आशियाकडे निघाला, शांघायहून मुंबईला आला आणि ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या आसपास गोव्याची पोरं हे संगीत शिकली. आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हा ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणवला गेला. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जो स्विंग आपण ऐकतो त्यात त्याचा वाटा आहे. वेदरफोर्ड १९४५मध्ये कलकत्त्यात पटकीनं वारला.

जे मागे राहिले त्यांच्यासाठी गुंडांची जागा पुढे सरकारनं घेतली. १९४०पासून न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते अशा ठिकाणी वाजवायला पोलिसांचं कार्ड लागू लागलं, बोटांचे ठसे देऊन. गुन्हा नोंदला की कार्ड गेलं आणि पोट बंद. बिली हॉलिडेचं १९४७मध्ये गेलं, पियानिस्ट थेलोनियस मंकचं १९५१मध्ये, सहा वर्षांसाठी. ही पद्धत १९६७ साली बंद झाली.

आणि ‘मिस्टर’-‘मिस’चं काय झालं? १९६३ साली अलाबामातल्या गॅड्सडेनच्या कोर्टात नागरी हक्क चळवळीतली एक कार्यकर्ती, मेरी हॅमिल्टन, साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती. सरकारी वकिलानं प्रथेप्रमाणे तिला नुसतं ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारला. तिनं सांगितलं, मला नीट संबोधल्याशिवाय मी उत्तर देणार नाही, माझं नाव मिस हॅमिल्टन. न्यायाधीशांनी उत्तर द्यायचा हुकूम केला. ती बोलली नाही. कोर्टाचा अवमान केला म्हणून तिला पाच दिवस तुरुंग आणि ५० डॉलर दंड झाला. ती तुरुंगात गेली, आणि खटला वर गेला. ३० मार्च १९६४ रोजी सुप्रीम कोर्टानं वकिलांचे युक्तिवादही न ऐकता शिक्षा रद्द केली.